घरावर झुकलेलं झाड

(न्यू हॅम्पशर ही इंग्रज राजाची वसाहत, १७७४चा हिवाळा. रानाकडेचं एका खोलीचं लाकडी घर. झेडॉक हा राजाच्या जंगलाचा तपासनीस. मेहिटेबल त्याची थोरली बहीण.)

मेहिटेबल : बूट तिकडेच काढ, बर्फ घरभर करू नकोस. बघितलंस?

झेडॉक : बघितलं. आणखी कललंय. कुऱ्हाडीच्या पाठीनं ठोकलं, तर छातीच्या उंचीपर्यंत पोकळ वाजतं. मुळं कुजलीत. वारा वायव्येकडून आला तर इथंच पडणार.

मेहिटेबल : इथं म्हणजे कुठं? नीट बोल.

झेडॉक : बाबांच्या अंथरुणावर.

मेहिटेबल : मग पाडू दे ना! आमच्या यांनी कुऱ्हाडीला धार लावून ठेवलीय.

झेडॉक : ताई, खोडावर राजाच्या बाणाची खूण आहे. आरमाराच्या डोलकाठीसाठी राखलेलं झाड. दाजींनी हात लावला की शेरीफ त्यांना घेऊन जाणार.

मेहिटेबल : कुजक्या लाकडाची डोलकाठी? राजाला जहाज बुडवायचंय का?

झेडॉक : मी कळवलं कचेरीला. दोनदा. उत्तर आलं, निरोगी झाडावरची खूण काढता येत नाही.

मेहिटेबल : निरोगी? बघून कोण गेलं?

झेडॉक : कुणीच नाही. खूण केली तेव्हा निरोगी होतं, म्हणून निरोगी.

मेहिटेबल : आणि तू जेवायला बसतोस त्या टेबलाची फळी केवढी रुंद आहे रे? एवढं जाड झाड राजाचंच असतं ना? तेव्हा नाही दिसत बाण?

झेडॉक : तेव्हा तू वाढत असतेस.

मेहिटेबल : हसू नकोस. यांचे मित्र म्हणतात, ढोल वाजवत येतो, आधी झेडॉकला फोडतो, मग झाड पाडतो.

झेडॉक : येऊ देत. खाईन मार.

मेहिटेबल : तू मार खाशील, ते घरी जातील. जमीन यांच्या नावावर. सैनिक कुणाच्या दारात येणार?

झेडॉक : मग बाबांना माझ्याकडे नेतो. घसरगाडीवरून, हळूहळू.

मेहिटेबल : मांडीचं हाड मोडलेल्या माणसाला? आणि तुझ्याकडे? परवा तुझा गोठा कुणी पेटवला?

झेडॉक : शेजाऱ्यांकडे?

मेहिटेबल : तपासनिसाच्या बापाला कोण घेतंय घरात!

झेडॉक : बाबा काय म्हणतात?

मेहिटेबल : म्हणतात, राजाच्या कानावर गेलं असतं तर त्यानं स्वतः माणसं धाडली असती.

झेडॉक : ...बाज पलीकडच्या भिंतीला लावू.

मेहिटेबल : तिकडे चुलीची धग पोचत नाही. सकाळपर्यंत गारठून जातील.

झेडॉक : मग आहे तिथंच उलटी फिरवू. डोकं चुलीकडे, पाय भिंतीकडे.

मेहिटेबल : म्हणजे पडलंच तर पाय जाऊ देत?

झेडॉक : हो.

मेहिटेबल : एवढंच सुचलं तुला?

झेडॉक : एवढंच. तुला काही सुचतंय?

मेहिटेबल : ...वारा सुटला बघ.

झेडॉक : ऐकतोय. चल, तू उशाकडून धर. सावकाश.

मेहिटेबल : जागे होतील. विचारतील, कशाला फिरवता म्हणून.

झेडॉक : सांग, डोक्याला ऊब मिळावी म्हणून.

मेहिटेबल : तूच सांग. सरकारी माणसावर अजून विश्वास आहे त्यांचा.