विचारून तरी काढ!

...आणि वर आमची बायको, अनुया म्हणते, "तुला कुणी सांगितलं होतं?" अहो, कुणी सांगायला लागतं का? छंद आहे माझा! रविवारी कॅमेरा घ्यायचा, टोरांटोच्या रस्त्यांवर भटकायचं, भेटेल त्या माणसाचा फोटो काढायचा. पण तुम्हाला सांगतो, माणसांचे काढूच नयेत. झाडांचे काढा फोटो, झाडांचे!

फेब्रुवारीतली गोष्ट. बसस्टॉपवर एक म्हातारा. कानटोपी, नाकाला थेंब, मागे ढीगभर बर्फ... काय फ्रेम होती! मी लांबूनच क्लिक केलं. तर म्हातारा स्वतःशीच पुटपुटतो, "मेल्याला रीत नाही! विचारून तरी काढ!"

मराठीत!

कॅमेरा हातातून निसटायचा बाकी होता. "काका, तुम्ही मराठी?" तर म्हणाले, "मग काय फ्रेंच? मोझेस माझं नाव. रेवदंड्याचा." बेने इस्रायली, म्हणजे आपले कोकणातले मराठी ज्यू! कॉफीशॉपमध्ये नेलं, तर दीड तास माणूस थांबेचना. रेवदंड्याची वाडी, बिरड्याची उसळ, बायको रूबी... ती सहा वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून मराठी बोलायला कुणी नाही. लेक लियात इथेच जन्मलेली, तिला ओ की ठो कळत नाही. "म्हणून मी आपला भिंतीशी बोलतो," म्हणाले आणि असे खदखदून हसले, की मी क्लिक केलं. ह्या वेळी विचारून हां!

"मोठा करून आणून दे. घरी ये, मासे करीन." पत्ता लिहून दिला. मी म्हटलं, "पुढच्या रविवारी नक्की!"

पुढचा रविवार... ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज. मग फ्लू. मग स्नो, रोज फावडं घेऊन शोव्हल करा. मग सासूबाई आल्या. फोटो फ्रेम करून क्लॉझेटमध्ये तयार, बरं का! पण गेलो कधी? मे महिन्यात. झाडांना कुणी 'पुढच्या रविवारी येतो' म्हणत नाही हो. झाडांचे काढा!

दार लियातने उघडलं. मी फ्रेम पुढे केली. तिने पाहिलं, आणि पहिलं काय म्हणाली माहितीये? "ही इज लाफिंग..." मग म्हणाली, तीन आठवडे झाले डॅडना जाऊन.

सॉरी म्हटलं. निघालो, तर तिने बाहीच धरली. "तुला डॅडची भाषा येते?" शेवटी शेवटी त्यांची इंग्लिश पार गेली होती म्हणे. हॉस्पिटलात तीन दिवस एकच काहीतरी म्हणत होते, कुणालाच कळेना. शेवटी तिने फोनवर रेकॉर्ड केलं. "आम्हाला वाटलं, अंधाराला घाबरतायत. म्हणून सगळे लाइट लावून ठेवले. पूर्ण वेळ. डोळ्याला डोळा लागला नाही त्यांचा."

आणि तिने फोन माझ्या कानाशी धरला.

"दिवा मालव गो... डोळ्यांवर येतोय... मालव गो दिवा..."

तीन दिवस, हो! तीन दिवस!

ती माझ्या तोंडाकडे बघतेय. "व्हॉट इज ही सेइंग?"

आता तुम्ही असता तर? नाही, सांगाच! मी म्हटलं, "ही सेज... 'माझी लेक गुणाची आहे.'"

तर ती तिथेच दारात बसली, आणि अशी रडली... मी बर्फ झालेला उभा. बरं केलं की वाईट? अनुयाला विचारलं, ती उठून भांडी घासायला लागली. रात्री अकराला भांडी, म्हणजे समजा! झाडं कुणाला काही विचारत नाहीत, म्हणून म्हणतो...

तेवढ्यावर सुटलो असतो. पण गेल्या आठवड्यात लियातचा फोन. कबरीवर दगड बसवायचाय. हिब्रूत नाव, इंग्लिशमध्ये नाव, आणि खाली डॅडचे शेवटचे शब्द, त्यांच्याच भाषेत. "तू लिहून देशील ना? प्लीज?"

दिलं लिहून. काय करणार? 'गुणाची'तला ण बाणातला, उकार ऱ्हस्व, तीनदा तपासलं. म्हटलं, दगडावर निदान शुद्धलेखन तरी खरं असू दे.