एका जुडग्यात दोन किल्ल्या

...नाही, तुम्हीच सांगा, ज्या घरात गाडीला एकच किल्ली आहे त्या घरातल्या आईला झोप कशी लागावी? मला नाही लागत! नवरा शेजारी घोरतोय, आणि माझ्या डोळ्यांसमोर काय, तर मी पिशव्या घ्यायला खाली उतरलेय, किल्ली आत, दार खाड्‌कन बंद, आणि लेक मागच्या सीटवर पट्ट्यात बांधलेली. बरं, दुसऱ्या कुणाची पोर असती तर आतून बोंब तरी ठोकली असती. आमची साडेतीन वर्षांची, आणि बोलते काय? 'दे', 'नको' आणि 'हे'. संपला शब्दकोश! शेजारणीची तेवढीच मुलगी स्वतःच्या आजीची नक्कल करून दाखवते, आणि आमची बाई नुसती टक लावून बघत बसते, कुणी परीक्षक नेमल्यासारखी. सासूबाई म्हणतात, काळजी करू नकोस, तिचा बापही उशिराच बोलायला लागला. आता बाप अजूनही कुठे बोलतो, हे त्यांना कोण सांगणार?

तर दुसरी किल्ली हवी. गाडी जुनी घेतलेली, आधीच्या मालकानं दुसरी किल्ली हरवली होती. मी म्हटलं, त्यात काय, किल्लीच ती! गेले किल्लीवाल्याकडे. त्यानं मशिनवर घर्र घर्र केलं, दिली काढून. दात तेच, उंची तीच, अगदी जुळी बहीण. दार उघडलं हो! आत बसले, फिरवली, इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प. समोर एक लाल दिवा लुकलुकायला लागला, किल्लीच्या आकाराचा, डोळा मारल्यासारखा. परत किल्लीवाल्याकडे. तर तो कानात काडी घालत म्हणतो, "हां, ही चिपवाली गाडी आहे." अरे, मग मघाशी तोंड शिवलं होतं का तुझं?

मग तुम्हाला सांगते, त्यानं मला शिकवायला घेतलं. किल्लीच्या डोक्यात म्हणे तांदळाएवढी चिप असते. किल्ली घातली की भोकाभोवतीचं तारेचं वेटोळं विचारतं, कोण आहे? चिप आपली खूण सांगते. गाडीच्या मेंदूत ती खूण नोंदलेली असली तर इंजिनाला पेट्रोल, नाहीतर नाही. किल्ली फिरली म्हणून काही होत नाही, गाडीनं ओळखलं पाहिजे! याला म्हणे इमोबिलायझर म्हणतात. मी म्हटलं, अहो, पण गाडी माझी आहे. तर म्हणे, "ते तुम्हाला माहीत आहे, तिला कुठे माहीत आहे?" झालं! लॅपटॉप आणला, पायापाशी कुठेतरी वायर खुपसली, जुनी किल्ली घातली, नवी घातली, दोघींची नोंद केली. तेवढ्या वेळात माझं लग्न उरकलं होतं हो, नोंदणी पद्धतीनं! आणि हे सगळं म्हणे माझ्याच सुरक्षेसाठी!

पण दोन्ही किल्ल्या चालायला लागल्या. मला इतका आनंद झाला की घरी येऊन मी काय केलं? आता हसू नका. नवी किल्ली घरात ठेवली तर हरवेल, म्हणून मी ती जुनीच्याच जुडग्यात ओवली. नवऱ्यानं बघितलं, चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, "म्हणजे आत अडकल्या तर जोडीनं अडकतील." वर्षाकाठी चार वाक्यं बोलतो, त्यातलं एक इथे घालवलं! मी काही दाद दिली नाही. दुसऱ्या दिवशी बोलणं शिकवणाऱ्या थेरपिस्ट बाईंकडे लेकीला घेऊन जायचं होतं, माझं सगळं लक्ष तिकडे. केव्हापासून नाव घालून ठेवलं होतं, कशीबशी वेळ मिळालेली. ती चुकली की पुन्हा रांगेच्या शेपटाला. आणि मला एकदाचं ऐकायचं होतं कुणाकडून तरी, की पोरीला काही झालंय, की माझंच काही चुकतंय.

सकाळी तिला तयार केलं, मागे बसवलं, पट्टा लावला, किल्ली फिरवली. खोकली. गप्प. लाल दिवा. परत फिरवली. खोकली. गप्प. अगं, काल तर नोंद केली ना तुझ्या डोक्यात! काल संध्याकाळी मला घेऊन आलीस, आणि आज मी कोण? किल्लीवाल्याला फोन लावला. तर हा शहाणा काय म्हणतो, "मॅडम, गाडी तुमचीच आहे ना?" म्हणजे बघा, आधी गाडीनं ओळख सोडली, आता हा! मी त्याला असं झापलं, असं झापलं... तो म्हणाला गिऱ्हाईक आहे, मग करतो, आणि ठेवला.

तेवढ्यात शेजारचे काका आले. निवृत्त माणूस, बंद पडलेली गाडी दिसली की यांची तब्येत सुधारते. "बॅटरी!" मी म्हटलं, बॅटरी नाही, चिप आहे. "मग धक्का मारू." अहो काका, चिपला धक्का मारून काय उपयोग? पण ऐकतील तर शपथ! मागून ढकलतायत, मी पुढे स्टिअरिंग धरून त्यांना इमोबिलायझर समजावून सांगतेय, ते मला त्यांच्या जुन्या स्कूटरचं सांगतायत, दोघं एकाच वेळी, आणि गाडी फाटकापर्यंत जाऊन ढिम्म. टॅक्सी का नाही केली, असंच म्हणताय ना? राग आला की माणसाला टॅक्सी सुचते का हो? चोर असता तर तो कधीच टॅक्सी करून घरी गेला असता. अडकली कोण, तर मालकीण! आणि हे सगळं म्हणे माझ्याच सुरक्षेसाठी!

मागून आवाज आला, "दे." लेकीला किल्ल्या हव्या होत्या. नको म्हटलं असतं तर भोकाड पसरलं असतं, आणि आता तेवढंच बाकी होतं. म्हटलं, घे बाई, एक तुला, एक मला. नख तुटेपर्यंत ओढून नवी किल्ली काढली, तिच्या हातात दिली. जुनी फिरवली, आपली सवयीनं, रागारागानं.

सुरू! लोण्यासारखी! काका अजून मागून ढकलतच होते, बिचारे पडता पडता वाचले.

वाटेत त्या किल्लीवाल्याचाच फोन. गाडी बाजूला घेऊन उचलला. झालं काय, ते सांगितलं. तर म्हणतो कसा, "अहो, दोन्ही चाव्या एकत्र लटकवल्या होत्या? मग कसं चालेल? गाडीनं विचारलं की दोघी एकदम बोलायला लागतात, तिला कुणाचंच ऐकू येत नाही. हे काय सांगायला लागतं?" हो! लागतं! माझ्या आईनं सासरी जाताना सतराशे साठ गोष्टी सांगितल्या, ही नव्हती सांगितली!

पोचलो तर उशीर झालेला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, नाव पुढे ढकललं. मी तिला चिपपासून सगळं समजावलं. ती कंटाळून आत गेली आणि थेरपिस्ट बाईंना घेऊन आली. बाई चांगल्या होत्या, आत बसवलं, म्हणाल्या, थोडा वेळ आहे, सांगा. आता सांगा म्हटल्यावर सांगायला नको? किल्लीवाला सांगितला, वेटोळं सांगितलं, धक्का सांगितला, काका सांगितले, माझी झोप सांगितली, 'दे', 'नको', 'हे' सांगितलं, नवऱ्याचं न बोलणं सांगितलं, आणि मग एवढंसं विचारलं, की बाई, खरं सांगा, माझं काही चुकतंय का? त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मला स्टिअरिंगचं राहिलं होतं ते आठवलं, तेही सांगितलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. खुर्ची लेकीकडे वळवली. ती पाय हलवत बसली होती, माझ्याकडे बघत, तशीच टक लावून. बाई म्हणाल्या, "आणि तुला काय सांगायचंय गं?"

मी म्हणणारच होते, की ती नाही हो बोलत, तर लेकीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि अगदी सावकाश, शहाण्या बाईसारखं म्हणाली,

"आईचं झालं की मी बोलते."