चार बाय दोनची बैठक

नूर महंमद : उसवायची? ही गादी? अक्का, ही माझ्या अब्बांच्या हातची हाये.

मोहनबाई : ठाऊक आहे मला. माझ्या लग्नातली आहे. म्हणून तर तुम्हाला बोलावलं, दुसऱ्या कुणाला नाही.

नूर महंमद : पाहा, हा कोपरा पाहा. आम्ही बठ्ठे जण कोपऱ्याला एक टाका घालतो. अब्बा दोन घालायचे. म्हणायचे, गादी आधी कोपऱ्यात मरते. खोळ चारदा बदलली, पण मी दर वेळी कोपऱ्याला दोनच टाके घातले.

मोहनबाई : मग आताही दोनच घाला. फक्त लहान करा. चार फूट बाय दोन फूट. झोपायची गादी नको, बसायची हवी. खाली हे क्रेट.

नूर महंमद : हे तर केळीचे क्रेट!

मोहनबाई : समोरच्या पॅकिंगवाल्या उखर्डूनं दिले. कडा चिरल्यात, माल भरायला चालत नाहीत. तीन शेजारी-शेजारी लावले की बरोबर चार बाय दोन. टेपनं मोजलंय मी. त्यांच्यावर दुकानातल्या कपाटाची फळी, तारेनं घट्ट बांधायची, आणि वर तुमची गादी. झाली बैठक.

नूर महंमद : शेठजी चाळीस वर्षं कापड मोजत बसले, पण असा हिशेब त्यांना नसता सुचला.

मोहनबाई : यांना? यांना स्वतःच्या सदऱ्याचं माप ठाऊक नव्हतं. लोकांची मापं पाठ.

नूर महंमद : पण एवढी मोठी गादी मोडून एवढुशी बैठक कशाला? सावद्यात जागेची काय कमी?

मोहनबाई : पुण्यात आहे. जिनेश दिवाळीला न्यायला येतोय. कायमचं. त्याच्या घरात ही गादी मावत नाही, माझ्यासाठी फोमची आणून ठेवलीय. बाल्कनीत मात्र चार बाय दोनची जागा आहे. त्यानं स्वतः मोजून सांगितली.

नूर महंमद : फोमची! नव्याचे नऊ दिवस. पुढच्या उन्हाळ्यात पाठीला चटके बसले की आठवण येईल पिंजाऱ्याची.

मोहनबाई : येईल तेव्हा येईल. आता नीट ऐका. उसवली की कापूस दोन पोत्यांत भरायचा. डाव्या बाजूचा वेगळा, उजव्या बाजूचा वेगळा. उजव्या पोत्याला ही लाल नाडी बांधा.

नूर महंमद : असं का?

मोहनबाई : उजवी बाजू यांची. बैठक फक्त यांच्या कापसाची करायची. माझ्या अर्ध्याचं काहीही करा. कुणाच्या लेकीला गादी करून द्या, उशा करा. मला नको.

नूर महंमद : अक्का...

मोहनबाई : तुम्हाला चालत नसेल तर सांगा. शेजारची सारिका म्हणतेच, गेलेल्या माणसाची गादी घरात ठेवू नये. मी तिला म्हटलं, हे गेले जळगावला दवाखान्यात. गादीवर नाही गेले. गादीचा काय गुन्हा?

नूर महंमद : तसं नाही. मी काय म्हणत होतो... जाऊ द्या.

मोहनबाई : बोला ना.

नूर महंमद : जुना कापूस एकटा उभा राहत नाही. थोडा नवा घालावा लागेल. तेवढंच.

मोहनबाई : घाला. पण थोडाच. आणि इथं हात ठेवून बघा. इथं, उजवीकडे.

नूर महंमद : खोल गेलीय.

मोहनबाई : शेवटची पिंजून नऊ वर्षं झाली. ह्यांचं वजन माझ्या दुप्पट. माझ्या बाजूला साधी घडी पडलीय, ह्यांच्या बाजूला खड्डा. हे जाऊन दोन वर्षं होतील कार्तिकात. अजून रात्री कूस बदलली की त्या खड्ड्यात जाते मी. झोपेत वाटतं, सरकले हे, जागा दिली. मग जाग येते.

(नूर महंमद तळहातानं खड्ड्याची कड चाचपतो.)

मोहनबाई : एकटं वाटतं, नूरभाई. खोटं कशाला बोलू? आम्हा जैनांचं जेवण दिवस मावळायच्या आत. सहाला ताट धुऊन पालथं घालते, आणि मग झोपेपर्यंत करायचं काय? हे होते तेव्हा दोघं ओट्यावर बसायचो. रावेरकडून ट्रक आला की हे डोळे मिटून सांगायचे, भरलेला की रिकामा. नुसत्या आवाजावरून.

नूर महंमद : बरोबर निघायचं?

मोहनबाई : मी तरी कधी डोळे उघडून बघितलं? ते म्हणायचे भरलेला, मी म्हणायचे भरलेला.

नूर महंमद : द्या ती लाल नाडी.

* * *

जिनेश : मम्मी, जेवलीस?

मोहनबाई : दीड तास झाला. तू ऑफिसातच का अजून?

जिनेश : निघतोय. ऐक, एक सांगायचं होतं. तू रागावू नकोस.

मोहनबाई : सांग की. आज नूरभाई गादी घेऊन गेले. चार-पाच दिवसांत देतो म्हणाले. क्रेट मी घासून ठेवलेत, उन्हात वाळवलेत. तुझ्या डिकीत एकात एक घातले की मावतील. फळी तेवढी टपावर बांध.

जिनेश : मम्मी, तेच. पलकनं बाल्कनीत झोपाळा लावून घेतला.

मोहनबाई : झोपाळा?

जिनेश : तिच्या वाढदिवसाचा हट्ट. ऑनलाइन मागवला, काल माणूस येऊन बसवून गेला. मला वाटलं छोटा असेल. तो लोंबकळता अंड्यासारखा असतो ना, तसा आहे. सगळी बाल्कनी त्यानंच भरली.

मोहनबाई : बरं झालं. माझ्या नातीला हौस आहे.

जिनेश : तू बसशील त्याच्यात. मस्त वाटतं.

मोहनबाई : एकाचाच असेल ना तो?

जिनेश : हो, एकाचाच. का?

मोहनबाई : काही नाही. सहज विचारलं.

जिनेश : बैठक हॉलमध्येही बसत नाही गं, सोफा आहे. आणि पलकच्या खोलीत तुझा पलंग टाकल्यावर फक्त दार उघडण्यापुरती जागा उरते. आपण असं करू, बैठक सावद्यालाच राहू दे. घर बंद असलं तरी सुरक्षित राहील.

मोहनबाई : बंद घरात कोण बसणार तिच्यावर?

जिनेश : मम्मी, प्लीज. तू असं बोललीस की मला काही सुचत नाही. झोपाळा काढून टाकू का? खरंच काढतो.

मोहनबाई : वेडा आहेस. पोरीचा झोपाळा काढतात का? राहू दे. मी काय म्हणते, दिवाळीला तुम्हीच इकडे या सगळे. मी नंतर बघते.

जिनेश : नंतर म्हणजे? मागच्या वर्षीही तू नंतरच म्हणालीस. एका गादीसाठी यायचं नाही म्हणतेस?

मोहनबाई : गादीसाठी नाही रे.

जिनेश : मग?

मोहनबाई : तुझ्या घरी तुम्ही सगळे सकाळी जाता. दार लावून घेतलं की खालून कुठली गाडी गेली तेसुद्धा नवव्या मजल्यावर ऐकू येत नाही. एकटं राहायचंच आहे तर मला ओळखीच्या जागी राहू दे. निदान आवाज तरी ओळखीचे.

जिनेश : मला काळजी वाटते तुझी.

मोहनबाई : वाटू दे. आईची काळजी वाटणं वाईट नाही. नीघ आता, गाडी हळू चालव.

* * *

नूर महंमद : अक्का, तुम्ही फळी आधीच बांधली? मी आलो असतो की.

मोहनबाई : उखर्डूनं तार ओढून दिली. ठेवा वर. अशी नाही, खोळीचे पट्टे आडवे येऊ द्या. वा. बरोबर बसली. चार बाय दोन म्हणजे चार बाय दोन.

नूर महंमद : ओट्यावर कशाला मांडली? दिवाळीपर्यंत धूळ बसेल. आत ठेवली असती, पुण्याला नव्यासारखी गेली असती.

मोहनबाई : पुण्याला जात नाही ती. मीही जात नाही. तुम्ही खाली मान घालून का उभे? मजुरी कमी पडली का?

नूर महंमद : मजुरीचं काही नाही. अक्का, माझ्या हातून चूक झाली. तीन दिवस झाले, येऊ येऊ म्हणत होतो, पाय उचलत नव्हता.

मोहनबाई : काय झालं?

नूर महंमद : मी फैजपूरला खोळीचं कापड आणायला गेलो होतो. इकडे जमीलानं मशीन सुरू केलं. दोन्ही पोती एकत्र घातली. मी आलो तेव्हा कापूस नुसता ढगासारखा खोलीभर. लाल नाडी खुंटीला.

मोहनबाई : दोन्ही एकत्र?

नूर महंमद : हो, अक्का. शिव्या द्या.

मोहनबाई : तुम्हाला बजावून सांगितलं होतं, नूरभाई.

नूर महंमद : सांगितलं होतं.

मोहनबाई : एकच गोष्ट मागितली होती. एकच. बायकोला सांगता आलं नाही तुम्हाला?

नूर महंमद : सांगितलं होतं तिलाही. मी ओरडलो तिच्यावर. तर ती म्हणते, एकाच घरातला कापूस, एकाच गादीतला, त्याला दोन नाड्या कशाला? आणि मग तिनं जे म्हटलं ना, ते मला गादी न्यायला आलो त्या दिवशीच तुम्हाला सांगायचं होतं. जीभ उचलली नाही.

मोहनबाई : आता सांगा.

नूर महंमद : अक्का, ही गादी आमच्याकडे किती वेळा पिंजायला आली? अब्बांच्या वेळेपासून?

मोहनबाई : पूर्वी दर तीन-चार वर्षांनी. दहा वेळा तरी.

नूर महंमद : दर वेळी बठ्ठा कापूस एकत्रच पिंजला. उसवायचा, ढीग करायचा, पिंजायचा, पुन्हा भरायचा. डावा कुठला, उजवा कुठला, कोण पाहतो? तुमच्या बाजूचा त्यांच्याकडे गेला, त्यांच्या बाजूचा तुमच्याकडे आला. सेहेचाळीस वर्षं असंच. शेठजींचा कापूस असा वेगळा कधी नव्हताच.

मोहनबाई : मग ह्यांचं असं काय होतं तिच्यात?

नूर महंमद : खड्डा, अक्का. तेवढा खड्डा त्यांचा होता.

मोहनबाई : आणि तोच तुम्ही मोडलात.

नूर महंमद : पिंजारी दुसरं काय करतो?

मोहनबाई : खरं आहे. मीच मोडायला दिला. दोन वर्षं त्याच्यावर झोपले, आणि मीच बोट दाखवून म्हटलं, उसवा.

नूर महंमद : रडू नका.

मोहनबाई : रडत नाही. गाडीची धूळ गेली डोळ्यात.

नूर महंमद : गाडी गेलीच नाही कुठली.

मोहनबाई : मग रडतेय. रडू द्या की जरा. घरात रडले तर भिंती बघतात, इथं तुम्ही तरी आहात.

नूर महंमद : उरलेला कापूस घरी ठेवलाय. कुणाला दिला नाही. तुमच्या एकटीपुरती गादी निघेल त्यात, दोन लोडही होतील. उद्या करून आणतो.

मोहनबाई : आणा. आजवर तीन रात्री सतरंजीवर झोपले, पाठ गेली. कोपऱ्याला दोन टाके घाला.

नूर महंमद : दोनच घालीन. आणि मजुरी नको.

मोहनबाई : मजुरी नको म्हणणाऱ्याकडून मी काही घेत नाही. बसा, चहा टाकते.

नूर महंमद : आज नको. जमीला वाट पाहून राहिली. मी उशीर केला की ती जेवत नाही.

मोहनबाई : मग थांबू नका. तिच्यावर ओरडलात ना? जाताना तिच्यासाठी चार पेरू घेऊन जा. आणि सांगा, अक्का रागावली नाही. ती बोलली ते बरोबर होतं.

नूर महंमद : सांगतो. तुम्ही एकदा बसून तर पाहा. बसल्याशिवाय गादी कशी झाली ते कळत नाही.

(मोहनबाई बैठकीच्या डाव्या कडेला बसते.)

मोहनबाई : छान झालीय. मऊ आहे आणि बसतही नाही खाली.

नूर महंमद : अशा कडेला नका बसू. मधोमध बसा. कापूस नवा पिंजलेला हाये. रोज एकाच बाजूला बसलात तर तिथं खड्डा पडेल आणि दुसरी बाजू तशीच फुगलेली राहील.

मोहनबाई : राहू द्या, नूरभाई. मध्ये बसायची मला सवय नाही.