निताची शेळी चौकात

हॅलो?… कोन?… साधना का! बरं झालं माय, तूच केलास फोन. तुझ्या भावानं काय करून ठिवलं, ऐकलं का?… न्हाई? मंग ऐक. माझ्यामागं शेळी विकली हनुमाननं… व्हय, विकली! मी सिद्धेश्वरला तेरवीला गेले आन् इकडं यानं दावं सोडलं.

कोनती म्हंजे? काळ्या कानाची. निताची!… त्याच्या स्वताच्या लेकीची, व्हय.

"एक शेळी तर हाय" म्हनू नको, साधे. माझी रीत तुला ठावं न्हाई का? मला लिहिता येत न्हाई, बँकेतबी अंगठाच लावते. म्हनून शेळ्यायला कामाची नावं देते. तांबडी माझ्या डोळ्याच्या आपरेशनची. लंगडी दवाखान्याची, अवचित कुनी पडलं झडलं तर. बोकड घरावरच्या पत्र्याचा. आन् काळ्या कानाची निताच्या नर्सिंगच्या फीची. ज्या कामाचं जनावर, ते त्याच कामाला जाईल. तुझं लग्न असंच केलं ना?… मंग!

अगं ऐक ना… औंढ्याच्या यात्रेत ती जांभळी साडी कितीदा हातात घेतली मी, तूच व्हतीस ना संगं? ठिवली का न्हाई खाली? काहून ठिवली? साडीच्या नावाची शेळीच नव्हती माझ्यापाशी. जीव तर माझाबी गेलता तिच्यावर.

आता इचार, पैसे कशात घातले… दारूत न्हाई. दारू पेला असता तर निदान झोपला असता. बॅनरात!… चौकातलं बॅनर गं. वर पुढाऱ्याचा वाढदिवस, आन् खाली कोपऱ्यात आपलं ध्यान, गॉगल लावून. नितानंच नेऊन दाखवलं मला. "आजी, ही बघ माझी फी," म्हनली. हसत म्हनली गं पोरगी… रडली असती तर बरं वाटलं असतं मला.

हो, हो… ऐकून राहिले… मान लागतो गड्याला? लागू दे ना! आपल्या कमाईचा लावावा. लेकीच्या शेळीवर बसून काहून मिरवावं? आन् मान तरी कुठं भेटला? हार घालाया गेला तर पुढारी म्हनला, "या संतराम." नावबी ठावं न्हाई त्याला याचं!

थांब, पुढं तर ऐक. आज सकाळी परत व्यापाऱ्याला घेऊन आला. तांबडीसाठी!… व्हय, मायचा डोळा विकाया निघाला. आता म्हनं वाढदिवसाच्या फटाक्यांची उधारी राहिली. पन सूनबाईनं मला आधीच सांगून ठिवलं व्हतं. मी काय केलं, भंडाऱ्याचा डबा घेतला आन् साऱ्या शेळ्या माखल्या, शिंगापासून शेपटापरेंत पिवळ्याधमक. व्यापारी आला, बघितलं, आन् चप्पल काढली त्यानं… हसतीस काय! हात जोडले. म्हनला, "मावशी, खंडोबाला सोडलेलं जनावर मी घेत न्हाई, मला लेकरंबाळं हायेत." आन् गेला. हनुमानचं तोंड बघाया पायजे व्हतं. गॉगल असता तर लपलं तरी असतं.

…देवाशी लबाडी? कशाची लबाडी? मी त्याला रोखठोक सांगितलं. म्हनलं, देवा, नाव तुझं, काम माझं. तवर राखण कर. येळ आली का नारळ ठिवीन आन् सोडवून नेईन. त्याला बराबर समजतं. समजत न्हाई ते तुझ्या भावाला.

…निताचं? तेच तर. फी याच महिन्यात भरायची हाय… न्हाई. तुझ्याकडून नको… न्हाई म्हनले ना! ते तुझ्या शिलाई मशीनीचे पैसे ना? मंग मशीनच आन. इकडं पाठवलेस तर परत पाठवीन, आन् वरून दोन शिव्या. त्यानं पाडलेला खड्डा आपन काहून बुजवायचा?

…भाऊ हाय म्हनून माफ कर? माफ करीन की. आधी वसूल करते, मंग माफ करते.

…थांब, थांब. फटफटी वाजली. आला. फोन ठिवू नको साधना, कानालाच धर. उद्या हा म्हनंल, माय असं बोललीच नव्हती.

ये रे हनुमान… घरात नको, तिथंच उभा राहा. बहीण हाय तुझी फोनवर, तिलाबी ऐकू दे. चावी दे… दे म्हनते ना… आन इकडं. ही गाडी कुनी घेऊन दिली तुला? मी. कागद कुनाच्या नावावर हाय? माझ्या. मंग ऐक. आजपासून ह्या गाडीचं नाव निताची फी. सूनबाईचा भाऊ विकास गिऱ्हाईक घेऊन येऊन राहिला, दुपारपरेंत गाडी जाईल. आन् उद्यापासून तू शेळ्यायमागं पायी चालायचं. पाय दुखले तर माझ्यापाशी येऊ नको. चौकात जा आन् तुझ्या त्या फोटोला सांग, खाली उतर म्हनावं, आन् जरा वेळ शेळ्या वळ.