रिकाम्या खोलीचे अठरा

तपासनीस : उजव्या कानात बावीस सूर सोडले, डाव्या कानात बावीस. एकूण चव्वेचाळीस, आणि काकूंनी चव्वेचाळीस वेळा बटण दाबलं. मधे तीनदा मी मुद्दाम काहीच वाजवलं नाही. तेव्हा त्यांनी दाबलंही नाही.

नवरा : म्हणजे मशीन बिघडलंय.

तपासनीस : नाही हो काका. ही काचेची खोली मी रोज सकाळी आणि दुपारी सुट्टीआधी मोजते. आत कुणी नसताना अठरा डेसिबल. रिकाम्या खोलीचे अठराच, एकाने इकडे-तिकडे नाही. काकूंचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत.

नवरा : मग मी आज सात हाका मारल्या, त्या कुठे गेल्या? सात! आणि ही ढिम्म. भाजी निवडत बसलेली.

तपासनीस : हाक काय मारली होती?

नवरा : काय म्हणजे? साधी. ‘अगं ए धोंडे, डोकं माहेरी विसरून आलीस का?’

तपासनीस : काकू, सकाळी काका बोलले ते तुम्हाला ऐकू आलं नाही?

बायको : हे सकाळी घरी होते?

नवरा : बघा! नाटकं. सव्वीस वर्षं हाच खेळ चाललाय.

तपासनीस : आत्ता काय म्हणाले, काकू?

बायको : ओठ हलले खरे. खोकला आला असेल.

तपासनीस : हे कधीपासून होतंय?

बायको : एकदम नाही झालं, ताई. आधी वाक्यांची शेपटं गळायला लागली. ‘तुला काय कळतंय’, ‘तुझ्या घराण्यात हेच’, असं काहीतरी चिकटवायची सवय आहे ना ह्यांना. ते ऐकू येईना. मग मधलं गेलं, मग अख्खं वाक्य. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. खडखडणारा पंखा बंद केल्यावर वाटतं तसं.

तपासनीस : म्हणजे आता काहीच ऐकू येत नाही?

बायको : येतं की! माझी आई गेली त्या दिवशी ‘जेवलीस का?’ म्हणाले. लख्ख ऐकलं. दोन वर्षं झाली त्याला.

नवरा : हिचं पुराण पुरे. मॅडम, ही एकटी नाही. मुलगी अशीच झाली. दोन कामवाल्या झाल्या. हाताखालचे सहा कारकून झाले. पाण्यातच काहीतरी आहे, मी लेखी तक्रार केलीय.

तपासनीस : घरात कुत्रा-मांजर आहे?

नवरा : कुत्रा आहे. तो सगळ्यात आधी बहिरा झाला.

तपासनीस : आणि तुमच्या तक्रारीवर उत्तर आलं?

नवरा : खिडकीतल्या माणसाने माझ्या मागच्याला पुढे बोलावलं. आज तुमच्या बाहेरच्या मुलीने माझंच नाव हिला विचारलं. हे बघा, आठवडाभरात मी बोललेलं ज्याला ऐकू आलंय असं एकच माणूस म्हणजे तुम्ही. तेव्हा मला लिहून द्या, दोष हिच्या कानात आहे म्हणून. नाहीतर सगळे म्हणतील, माझ्यातच खोट आहे.

तपासनीस : न मोजता कसं लिहू? तुम्ही आत बसा. काच लावते. हं, माइकमध्ये बोला : ‘दार उघडं आहे.’

नवरा : दार उघडं आहे. आणि हे वाक्य ज्याने निवडलं त्याच्या डोक्याचंही.

तपासनीस : गंमतच आहे. ‘दार उघडं आहे’ साठ डेसिबल. पुढचं पस्तीस. तुम्ही आवाज खाली आणलात?

नवरा : मी ओरडतोय! पण यंत्र चालवणाऱ्याच्या अकलेइतकंच यंत्र चालणार.

तपासनीस : सव्वीस. काका, शेवटचे शब्द मला नीट ऐकू आले नाहीत. घाबरवत नाहीये, पण ऐका. वाकडं बोललात की काटा पडतो, सरळ बोललात की चढतो. एक साधं वाक्य बोला. कसलंही. फक्त शेपूट लावू नका.

नवरा : साधं. म्हणजे… साधं काय बोलायचं असतं?

तपासनीस : चाळीस! हेच. अजून एक.

नवरा : पाणी मिळेल का?

तपासनीस : बावन्न!

बायको : अगंबाई, हे पाणी मागताहेत. थांबा, आणते. ताई, काच उघडा जरा. हा घ्या ग्लास.

नवरा : चला, सव्वीस वर्षांत एकदा तरी उजेड पडला डोक्यात.

तपासनीस : छान. आता पुढचं बोला, काका.

नवरा : बोललो की!

तपासनीस : काका? बोला ना.

नवरा : अहो, कान धुऊन या आधी! दोघींनी संगनमत केलंय. पोटासाठी कान तपासता आणि स्वतःचेच…

तपासनीस : काकू, ते काही बोलताहेत?

बायको : मला नका विचारू बाई. मला तर आता ओठही दिसेनात. उठून गेले वाटतं. असेच जातात हे, न सांगता.

तपासनीस : पण दार तर माझ्या पाठीशी… बरं, गेले असतील. हा तुमचा रिपोर्ट. दोन्ही कान उत्तम.

नवरा : मी इथे आहे. इथे, खुर्चीवर. ग्लास बघा ना माझ्या हातात!

बायको : उत्तम म्हणजे आता परत यायला नको ना?

तपासनीस : अजिबात नको.

बायको : मग पोटात कावळे ओरडताहेत त्यांचं बघू. सकाळपासून काही खाल्लं नाही, ह्या तपासणीच्या गडबडीत. इथे जवळ काही बरं मिळतं का?

तपासनीस : कोपऱ्यावर मिळतं. मीही येते. एवढी खोली मोजून वहीत लिहिते, दोन मिनिटं.

नवरा : दिवा घालवू नका. ए… अगं. ऐक ना. मी काही वाकडं बोलत नाहीये. तू सकाळपासून… जेवलीस का?

बायको : ताई, काही म्हणालात?

तपासनीस : नाही. श्श, मोजतेय. काच बंद. खुर्ची रिकामी. ग्लास एक, अर्धा भरलेला. एकोणीस डेसिबल.