म्हातारीचा नाच आणि माझं हे बोट

...आणि वर मलाच म्हणतात, शांत व्हा! अहो, शांत काय व्हा? तुमच्या घरात कोणी शिरला, सगळ्या कपाटांना स्वतःची कुलपं ठोकली आणि जाताना टेबलावर चिठ्ठी ठेवली, ‘काही अडचण असल्यास कळवावे’, तर तुम्ही व्हाल शांत? मला तो माणूस पाहिजे. समोर पाहिजे. मुंडी मुरगळायची आहे मला त्याची, सावकाश, अजिबात घाई नाही... पण तो आहे कुठे? समुद्रापलीकडे असेल, नाहीतर मागच्या गल्लीत चहा पीत असेल! मग माझ्या हाती उरलं काय? हे बोट. हे बघा, अंगठ्याशेजारचं. ह्यानेच क्लिक केलं. तोडून टाकलं पाहिजे हे बोट!

तुम्हाला सांगतो, मी फोटोवाला. लग्नाचे फोटो, लग्नाचं शूटिंग. पुढे दुकान, तिथे बायको पासपोर्ट फोटो कापते, आणि मागच्या खोलीत माझा कॉम्प्युटर. आता आमच्या धंद्यात काय असतं, लग्न झालं की घरचे लोक अल्बमसाठी फोटो निवडून पाठवतात. ईमेलवर. हा घ्या, तो नको, त्या मावशीला कापा, तिच्याशी आमचं बोलणं बंद आहे... दिवसभर हेच. तर असाच एक मेल आला. ‘निवडलेले फोटो. अर्जंट.’ कोणाचं लग्न? नाव नाही. अहो, लोक नाव लिहितात का? त्यांना वाटतं जगात लग्न एकच झालं, त्यांचं! खाली फाईल, फाईलवर चित्र फोटोचंच. मी म्हटलं असेल कोणीतरी. केलं क्लिक. काही नाही उघडलं. मग शहाणा माणूस काय करेल? सोडून देईल. मी काय केलं? पुन्हा क्लिक! पुन्हा! कानाखाली मारल्यासारखं, दणादणा! ते फोटो नव्हतेच हो. ते त्याचं बी होतं, आणि मी माझ्याच हाताने पेरलं.

तुम्ही म्हणाल, अँटिव्हायरस नव्हता का? होता की! पैसे मोजून घेतलेला. पण माझा मेव्हणा आहे ना, बायकोचा भाऊ, ज्याला आम्ही घरात ‘सर्वज्ञ’ म्हणतो, त्याने मला अल्बम बनवायचं सॉफ्टवेअर आणून दिलं. चोरीचं. म्हणाला, “दाजी, विकत काय घेताय, वेडे आहात का? फक्त अँटिव्हायरस जरा बंद ठेवा, तो असला की हे चालत नाही.” अहो, राखणदार आडवा येतोय म्हणून राखणदारालाच कोंडला आम्ही! आणि तो तसाच कोंडलेला राहिला, कोणाला आठवणसुद्धा नाही. मेव्हण्याची चामडी सोलायला पाहिजे, पण ते नंतर, ते नंतर सांगतो.

तर क्लिक झालं. थोड्या वेळाने कॉम्प्युटरचा पंखा घरघरायला लागला. दिवा लुकलुक, लुकलुक. बायको दारातून म्हणते, “अहो, ह्याला धाप लागलीय. वायर ओढू का?” मी ओरडलो, “हात लावशील तर बघ! अपडेट चाललंय! अपडेट चालू असताना बंद करायचं नसतं!” ऐकताय ना? पहारा दिला हो मी! आत एकेका लग्नाचा मुडदा पडतोय, आणि मी दारात उभा राहून बायकोला अडवतोय! तेव्हा वायर ओढली असती तर निम्मी लग्नं वाचली असती, असं नंतर दुरुस्तीवाला म्हणाला. नंतर सगळेच म्हणतात.

मग माझ्या डोळ्यांदेखत, तुम्हाला सांगतो, ते छोटे छोटे फोटो दिसतात ना रांगेत, नवरी, नवरा, करवल्या... ते एकेक करून पांढरे. कोरे कागद. नवरी गेली. नवरा गेला. नावापुढे एक भलतंच शेपूट चिकटलं. मुसळ घालून कुटल्यासारखं एका फोल्डरमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, कोणालाही सोडलं नाही. मी म्हटलं, करा काय करायचं ते, माझ्याकडे बॅकअप आहे! वेगळी डिस्क! आणि ती कुठे होती? कॉम्प्युटरच्या डोक्यावर, कायमची जोडलेली. बायकोने एकदा इस्त्री लावायला तिची वायर काढली होती, म्हणून मी चांगली चिकटपट्टी गुंडाळून ठेवली होती तिला, पुन्हा निघायलाच नको! निघाली नाही. तो दरोडेखोर सरळ त्या वायरीतून वर चढला आणि बॅकअपचंही नरडं आवळलं. कॉम्प्युटर स्वतः ज्या जुन्या प्रती जपून ठेवतो म्हणे, त्या तर त्याने आधीच पुसल्या होत्या. एवढं सगळं झाल्यावर पडदा काळा, आणि त्यावर लाल अक्षरं.

इंग्रजीत होती, मेव्हण्याला बोलावलं, त्याने वाचून दाखवलं. कसलं गोड बोलणं हो! “आपल्या फायलींना कुलूप लावण्यात आले आहे. घाबरू नका. पैसे भरा, किल्ली मिळेल. उशीर केल्यास रक्कम दुप्पट.” खाली घड्याळ, उलटं पळतंय. बाकी कॉम्प्युटर ठणठणीत! का, तर चिठ्ठी वाचता यावी, पैसे भरता यावेत! आणि शेवटी काय? “आमच्यावर विश्वास बसावा म्हणून एक लहान फाईल आम्ही फुकट उघडून देऊ.” फुकट! खाटकाने बोकडाला पाला द्यावा तसा!

आता खाटकाचा विषय निघालाच, तर सगळं सांगतो, कारण खरा घाव तिथेच आहे.

आमच्या रस्त्याच्या टोकाला मटणाचं दुकान आहे. मटणवाले दादा. दार अडेल एवढे खांदे, आणि तोंडावर हसू... मी तरी पाहिलं नव्हतं. त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न मीच केलं. म्हणजे शूटिंग. त्या लग्नात त्यांची म्हातारी आई. खुब्याचं हाड मोडलेलं, वर्षानुवर्षं खुर्चीत, सगळ्यांना शिव्या घालत बसलेली. बँड सुरू झाला आणि म्हातारी उठली! अहो, उठली! काठी भिरकावली, ती माझ्या नडगीवर बसली, अजून खूण आहे, आणि नाचायला लागली. लेकाची कॉलर धरून त्याला ओढला. आणि दादा नाचले! तो डोंगर, आईपुढे लहान पोरासारखा, खी खी हसत! सगळ्या पाहुण्यांनी मोबाईल काढले. आणि मी काय केलं? मी गरजलो, “मोबाईल खाली! सगळे मोबाईल खाली! माझ्या फ्रेममध्ये येताय! मी घेतोय ना? मी आहे ना?” मी आहे ना, म्हणालो हो! घाबरून सगळ्यांनी खिशात घातले. पुढच्याच आठवड्यात म्हातारी गेली. दादा दुकानात आले, एवढंच म्हणाले, “फोटोवाल्या, आईचा नाच तेवढा नीट दे.” म्हटलं, काळजीच नको. कॅमेऱ्यातली कार्डं? ती पुसून मी केव्हाच दुसऱ्या लग्नाला नेली होती. धंदाच तसा आहे. नाच होता फक्त ह्या कॉम्प्युटरवर. आणि हे बोट! तोडून टाकलं पाहिजे!

पण थांबा, एक फाईल फुकट होती ना? व्हिडिओ मोठा, तो नसता उघडला. पण म्हातारीचा एक फोटो? उघडला असता! मी तसाच आत धावलो, तर मेव्हणा दात काढत बसलेला. “दाजी, माणसं शब्दाची पक्की आहेत हं! मी एक फाईल पाठवून बघितली, लगेच उघडून दिली!” म्हटलं कुठली पाठवलीस? “जी सापडली ती.” पडद्यावर बघतो तर... त्याचा स्वतःचा पासपोर्ट फोटो! हे थोबाड! जगातल्या सगळ्या दरोडेखोरांकडून सोडवून आणलेलं एकमेव थोबाड, ते ह्याचं! मग मला काही दिसेना. कॅमेऱ्याचा तिवई स्टँड उचलला आणि घातला पेकाटात. तो टेबलाखाली, मी टेबलाखाली, लाइटची छत्री फाटली, त्याने माझ्या दंडाला कडकडून चावा घेतला, मी त्याचं डोकं भिंतीवर... बायकोने दोघांवर बादली ओतली तेव्हा सुटलो. बायको म्हणाली, “माझ्या भावाला मारता?” आणि लगेच भावाच्या कानफटात तिनेही एक दिली.

मग आला दुरुस्तीवाला. शहाणा माणूस. म्हणाला, “काका, पैसे देऊ नका, देऊनही किल्ली मिळेलच असं नाही. पण डिस्क फेकू नका, पुसू नका. माल आतच आहे, फक्त कुलूप आहे. कधीकधी ह्या टोळ्या पकडल्या जातात, मग किल्ली बाहेर येते.” मी लगेच मानलं. डिस्कला नमस्कार करून तिथेच ठेवली, कॉम्प्युटरच्या डोक्यावर.

आणि त्याच दुपारी दादा आले. कोणीतरी बातमी पोचवलीच. तसेच, दुकानातून उठून, कमरेला रक्ताचं फडकं, हातात सत्तूर. “आई कुठाय?” मी खुर्चीमागे. म्हटलं, “दादा, चोरी झाली... म्हणजे चोरी नाही, कुलूप...” “माझी आई कुठाय, फोटोवाल्या?” वाटलं, धीर द्यावा. म्हटलं, “दादा, आहे! आतच आहे! इथेच, ह्याच्या आत!”

“आत आहे?”

“आतच आहे, दादा. फक्त बाहेर काढता येत नाही.”

“मी काढतो.”

आणि सत्तूर उठला! पहिला घाव डोक्यावरच्या डिस्कवर, मधोमध, काय हात बसलाय हो त्या माणसाचा! दुसऱ्याला कॉम्प्युटर खाली. पाय दिला, पत्रा फाडला, आतली डिस्क आतड्यासारखी ओढून काढली आणि सपासप! तुकडे माझ्या कपाळाला लागले, इथे टाका पडला. “सोड तिला! सोड माझ्या आईला!” बायको किंचाळतेय, मेव्हणा टेबलाखाली, तिथे त्याची जागाच झाली होती. मग एकदम थांबले. खाली बसले त्या पत्र्यांमध्ये. तुकडे हाताने चाळत राहिले, कुठे काही दिसतंय का. “हसली होती रे ती,” म्हणाले, “मला बघून हसली होती.” आणि तो डोंगर हुंदके देऊन रडला. मी पाणी दिलं. दुसरं काय देणार होतो?

पुढे काय झालं असेल, सांगा! टोळी पकडली! किल्ली बाहेर आली, फुकट, ज्याला पाहिजे त्याला! दुरुस्तीवाला उड्या मारत आला, “काका, सुटलात! आणा ती डिस्क!” मी कोपऱ्यातली पाटी दाखवली. पाटीत चुरा. त्याने कपाळावर हात मारला. “कोणी केलं हे?”

म्हटलं, “मी. रागाच्या भरात.”

आता दादा अधूनमधून येतात. दारात उभे राहतात, शिव्या घालतात, पाठीत एक धपका. “चोर सापडले का रे?” म्हणतो, नाही दादा. “सापडले की मला सांग, एकेकाची बोटं छाटतो.” म्हणतो, सांगतो दादा, पण आधी हे छाटा, ह्यानेच क्लिक केलं. तर परवा म्हणाले, “राहू दे. धाकटीचं लग्न ठरलंय, बटण दाबायला लागेल.” म्हटलं येतो. “आणि मोबाईल खाली म्हणालास तर याद राख!” म्हटलं नाही म्हणणार.

तर किल्ली आली होती हे तुम्हाला सांगितलं, त्यांच्या कानावर घालू नका हं. माझ्या बोटाचं काय, गेलं तर गेलं. पण तो माणूस स्वतःचा हात ठेवेल हो मटण तोडायच्या ठोकळ्यावर. त्यापेक्षा मी धपके खातो... पाठ माझी, बोटही माझंच!