एकाआड एक

आलात सारे. हातातली कामं टाकून आलात, बाईसाठी. थोरामोठ्याइले, मायबहिणीइले माझा नमस्कार. मी वंदना, विहाराकडली, बाईची जुनी विद्यार्थिनी. बोलाले उभी राह्यली खरी, पण भाषणाची सवय नाही. सांभाळून घ्या.

सुनंदाबाई गेल्या. ज्या अंगणात त्याइनं आमाले नाचवलं, तिथंच आज त्याइचा फोटो ठेवला हाय.

आठवते काय? शाळेच्या गॅदरिंगमधी दोन नाच राहत. मारुतीकडल्या पोराइचा एक, विहाराकडल्या पोराइचा एक. कोणी ठरवलं होतं? कोणीच नाही. बस, राहत. बाई नवीन आल्या अन् म्हणे, "औंदा गोफ विणू." वरून रंगीत फिती सोडल्या. एकेकाच्या हाती एकेक फीत. अन् म्हणे, "उभे राहा. एकाआड एक. एक मारुतीकडला, एक विहाराकडला."

दिगंबरकाका, समोर बसले म्हणून तुमचंच सांगतो. तुमी तालमीच्या वक्ती आले अन् आपल्या लताले म्हणाले, "चाल घरी." लतानं फीत सोडली. गोफाचा झाला गुंता! आमी कात्री आणाले पळालो. बाई म्हणे, "कात्री कायले? उलटं नाचलं की सुटते. लता, फीत धर." अन् तुमाले म्हणे, "भाऊ, तुमच्या पोरीबिगर हा गोफ सुटत नाही. थांबता काय जरासे?"

तुमी थांबले, काका. लता उलटी नाचली, आमी सारे उलटे नाचलो, गुंता सुटला. गॅदरिंगले पहिली टाळी कोणाची होती? मान खाली नका घालू. साऱ्या गावानं आयकली ती टाळी.

एका गोफानं गाव सुधरलं काय? नाही. खोटं कायले बोलू? पण लता माझ्या घरी जेवली, मी तिच्या घरी जेवली. आजही जेवतो.

अन् आता? बाईची राख थंडी नाही झाली, अन् शाळेत बोलणं चालू झालं: "औंदा वेगवेगळे नाच ठेवू, झंझट नको." मले राग आला हाय, अन् मी तो लपवत नाही. हेडसर, गोफच होईल. मी शिकवीन. लता कारंज्याहून येणार हाय. फिती आमी आणू, तुमी फक्त अंगण द्या. कोणी आपलं पोरगं नेलं, तर त्याची फीत घेऊन आमी त्याच्या दारात येऊ. बाईनं आमाले तेच शिकवलं.

आता बाईसाठी उभे राहून शांत होऊ.

पण थांबा. जरा आपल्या बसण्याकडं पाहा. या सतरंजीवर सारे मारुतीकडले, त्या सतरंजीवर सारे विहाराकडले. कोणी सांगतलं होतं असं बसाले? कोणीच नाही. बाई फोटोतून पाहून राह्यल्या.

उठा. दिगंबरकाका, पहिले तुमी. या, माझ्या बाजूले उभे राहा. माय, तू काकाच्या तिकडून. या सारे, लाजू नका. जागा होते.

एकाआड एक.

हां. आता शांत होऊ.